आयपीव्ही४ मरणार नाही, महाग होईल

आयपीव्ही४ ही नेटवरच्या उपकरणांना पत्ते देण्याची जुनी पद्धत; तिचे पत्ते अपुरे पडतात म्हणून आयपीव्ही६ ही नवी पद्धत आली. '१९९८ पासून नुसती चर्चा, म्हणजे आयपीव्ही६ फसलंच' असं काही जण म्हणतात, पण ते मोबाइलला तरी लागू नाही. भारतात निम्म्याहून जास्त नेट वापरणाऱ्यांकडे ते चालू आहे, यात जिओचा वाटा मोठा. अमेरिकेत टी-मोबाइल ही फोन कंपनी तर बहुतेक फोनना फक्त आयपीव्ही६ पत्ता देते. फक्त आयपीव्ही४ वर चालणाऱ्या जुन्या साइटसाठी मधल्यामध्ये रूपांतर होतं, गिऱ्हाइकाला कळतही नाही. जुनं आयपीव्ही४ एका दिवसात बंद होणार नाही हे मान्य, पण फेब्रुवारी २०२४ पासून अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला अर्धा सेंट पडतो.

खरी अडचण घरच्या ब्रॉडबँडची. माझ्या घरी कॅमेऱ्याचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) बाहेरून दिसावा म्हणून राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केलं, म्हणजे बाहेरून आलेली जोडणी त्या डब्याकडे वळवली, पण काही केल्या चालेना. राउटरमध्ये वॅनचा (म्हणजे नेट कंपनीकडच्या बाजूचा) पत्ता १००.७२ ने सुरू होत होता. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा सीजीनॅटसाठी राखीव, म्हणजे नेट कंपनी एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ढीगभर गिऱ्हाइकं ठेवते. तिथे तुमचं फॉरवर्डिंग पोचतच नाही. तुमच्याकडेही हे आधी तपासा. आयपीव्ही६ मध्ये उपकरणाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो, म्हणून शेवटी राउटरच्या फायरवॉलमध्ये (नको ती जोडणी अडवणाऱ्या भिंतीत) बाहेरून येणाऱ्या आयपीव्ही६ ला परवानगी दिली (फक्त त्या एका पोर्टला, सगळं उघडू नका) आणि मोबाइल डेटावरून कॅमेरा थेट दिसायला लागला. ऑफिसच्या वायफायवरून अजूनही दिसत नाही, तिथे आयपीव्ही६ बंद करून ठेवलंय.