लोकरीच्या बाहुलीचं डोकं चपटं येतंय, हात घसरतायत. काय करू?

नौपाड्याची_आई
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या सोसायटीतल्या मुलांना लोकरीच्या बाहुल्या शिकवायचं ठरवलंय. मुलं सहा ते दहा वर्षांची. पुठ्ठ्यावर लोकर गुंडाळायची, वरून बांधायची, खालून कापायची, इथपर्यंत सगळं जमतं. पण डोकं चपटं होतं आणि हात कमरेपर्यंत खाली येतात. दुकानात ‘स्किन कलर’ मागितला तर फिकट गुलाबी लोकर पुढे केली, तीही मनाला पटत नाही. एका बाहुलीला लोकर लागते तरी किती? ठाण्यात कुठे चांगली मिळेल?

कोपरीकर
जांभळी नाक्याच्या बाजारात शिवणकामाच्या सामानाची दुकानं बघा. फक्त दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते. मुलांसाठी साधी ॲक्रेलिक लोकर घ्या. स्वस्त पडते, धुता येते, कसर लागत नाही.

नेरूळची_काकू
अगं, डोकं चपटं येतं कारण आत काही भरलेलं नसतं. मी बरीच वर्षं बालवाडी चालवली आणि आता दुपारी आमच्या इमारतीतल्या मुलांना हेच शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पुठ्ठा १८ सेंटिमीटर उंच घे आणि त्यावर ८० वेढे. वेढे सैल हाताने घ्यायचे. ॲक्रेलिक ताणली जाते. मुलं जोर लावून गुंडाळतात, पुठ्ठा वाकतो आणि लोकर काढली की आखडून बाहुली बुटकी होते. वरच्या कडेखालून धागा ओवून घट्ट बांध, मगच खालची कड काप. आता उरल्यासुरल्या लोकरीचा लिंबाएवढा गोळा कर, वरच्या गाठीच्या लगेच खाली मधोमध ठेव आणि सगळ्या धाग्यांनी तो चहूबाजूंनी झाकून घे. मग गळा बांध. कापूस भरू नकोस, धाग्यांच्या फटीतून पांढरा दिसतो.

गळा लोकरीने बांधायचा नाही, हे माझं अगदी ठाम मत. लोकर ताण देते, म्हणून गाठ आवळल्यासारखी वाटते आणि दोन दिवसांत सैल पडते. क्रोशाचा सुती दोरा घे, तो ताणत नाही. गाठीचा पहिला वळसा घेताना टोक एकदा नाही, दोनदा आत घालायचं. मग दुसरा वळसा घेईपर्यंत पहिला निसटत नाही आणि लहान हातांनाही एकट्याने गाठ मारता येते. वरून हवी तर रंगीत लोकर गुंडाळ, गळ्यातली माळ होईल.

हातांसाठी १२ सेंटिमीटरच्या पुठ्ठ्यावर ३० वेढे. काढून दोन्ही मनगटं बांधायची. धडाचे पुढचे आणि मागचे धागे वेगळे करून हात मध्ये सरकवायचे, थेट गळ्याला टेकेपर्यंत. लगेच त्यांच्याखाली दोरा आवळायचा, मग तोच दोरा छातीवरून आणि पाठीवरून फुलीसारखा दोन्ही खांद्यांवर न्यायचा. ही फुली हात धरून ठेवते. तुझे हात घसरतात ते नुसत्या कमरेच्या गाठीच्या भरवशावर राहिल्यामुळे.

लोकरीचा हिशोब: धडाला एका वेढ्यात ३६ सेंटिमीटर जाते, म्हणजे ८० वेढ्यांना जवळपास २९ मीटर. हातांना ७ मीटर. डोक्याचा गोळा आणि केस धरून ४५ मीटर मोजून घे. लेबलवर मीटर लिहिलेले असतील तर ते बघ, नुसत्या वजनावर जाऊ नकोस. बारीक लोकर तेवढ्याच वजनात जास्त लांब भरते, पण तिला वेढेही जास्त लागतात.

आणि रंगाचं तू बोललीस ते फार बरं झालं. बदामी, गव्हाळ, चॉकलेटी, गडद तपकिरी अशा चार छटा घे आणि ताटात एकत्र ठेव. मुलांना त्यातून हवी ती उचलू दे. आमच्याकडे एका मुलीने तपकिरी लोकर हाताला लावून बघितली, मग म्हणाली, ‘ही माझ्या आजीसारखी करणार.’ गुलाबीच समोर ठेवली असती तर तिला आजी सुचली नसती.

नौपाड्याची_आई
काकू, किती नीट सांगितलंत! फुलीचं कुणीच सांगितलं नव्हतं. अजून दोन गोष्टी विचारते. केस कसे बसवायचे? आणि धाकटी भावंडंही येणार आहेत, त्यांच्या हातात या बाहुल्या दिल्या तर चालतील का?

नेरूळची_काकू
केसांना काळी लोकर डोक्यावर आडवी पसर आणि मधोमध टीप घालत जा, आपोआप भांग पडतो. दोन वेण्या घालून लाल रिबीन. पांढऱ्या लोकरीच्या चार-पाच गाठी ओळीने शिवल्या की गजरा तयार! मुली या गजऱ्यासाठी भांडतात. खालचे धागे तसेच सोडले तर परकर, दोन भाग करून घोट्याशी बांधले तर पाय.

तीन वर्षांच्या आतल्या मुलांच्या हाती द्यायची असेल तर मणी, बटणं, टिकल्या काही नको. सुटून तोंडात जातात. डोळे आणि ओठ दोऱ्यानेच भर. लांब वेण्याही नकोत, केस आखूड ठेव. खालची मोकळी टोकं हाताने ओढून बघ. ज्या बाहुलीचे धागे निघतात ती त्यांना द्यायची नाही. शिवाय दिवाळी आहे. ॲक्रेलिक पेट घेते आणि वितळून कातडीला चिकटते, म्हणून बाहुल्या पणत्यांजवळ मांडायच्या नाहीत, फोटोसाठीसुद्धा नाही.

ऐरोलीचा_वाचक
थोडी वेगळी माहिती. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका बल्गेरियन बाईंनी मला अशीच लोकरीची जोडी दिली होती. त्यातला बाहुला पिझो पांढरा, बाहुली पेंडा लाल. तिकडे १ मार्चला ‘मार्तेनित्सा’ म्हणून ही लाल-पांढरी जोडी एकमेकांना देतात आणि अंगावर लावतात. करकोचा किंवा बहरलेलं झाड दिसलं की काढून बहुतेकदा झाडाच्या फांदीला बांधतात. २०१७ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत ही प्रथा आली; बल्गेरियाबरोबर रोमानिया, मोल्दोव्हा आणि उत्तर मॅसिडोनियाही त्यात आहेत. जोडीला हात नसले तरी चालतात, त्यामुळे सहा वर्षांच्या मुलांना आधी हीच करायला द्या.

नेरूळची_काकू
वा, हे माहीत नव्हतं. बिनहातांची जोडी आधी, हे अगदी बरोबर. लहानांचा धीर गळ्याच्या गाठीपर्यंतच टिकतो, तिथे बाहुली पूर्ण झाली की ती खूश. फक्त त्यांची वाकडी गाठ आपण सोडून पुन्हा बांधायची नाही हं. सैल असेल तर त्यांनाच म्हणायचं, वरून अजून एक मार.

नौपाड्याची_आई
ठरलं. शनिवारी सकाळीच जांभळी नाक्याला जाते. पुठ्ठा कुठला घेऊ, विकतचा?

नेरूळची_काकू
छे गं, बुटांच्या खोक्याचा. वरच्या आणि खालच्या कडेला चिकटपट्टी लाव, म्हणजे लोकर अडकत नाही आणि तेच पुठ्ठे सगळ्यांना पुरतात.