फाटाफूट, विखंडन की वेगळी चूल?

अनुवादू: हौशी लोकांचा एखादा मोठा ऑनलाइन समूह फुटतो आणि त्याचे लहान लहान स्वतंत्र मंच होतात. या प्रकाराला मराठीत काय म्हणाल? मी 'फाटाफूट' लिहिलं. संपादकांचं म्हणणं, त्यात भांडण गृहीत धरलं जातं, 'विखंडन' करा. विखंडन म्हटलं की अणुभट्टी डोळ्यांसमोर येते. तिसरं काही सुचतंय?

खलबत्ता: 'वेगळी चूल' असताना संस्कृतचे उंबरे कशाला झिजवायचे? यूजनेटवर, म्हणजे संगणकांवरच्या जुन्या चर्चागटांच्या जाळ्यावर, तर हे शब्दशः घडलंय. १९८६-८७मध्ये सगळ्या गटांची नव्याने मांडणी झाली. त्यात ब्रायन रीड यांच्या पाककृतींच्या गटाला दिलेलं नाव त्यांना रुचलं नाही. १९८७च्या मे महिन्यात रीड, जॉन गिल्मोर आणि गॉर्डन मॉफेट यांनी 'ऑल्ट' ही निराळीच शाखा काढली. पाककृतींवरून चूल वेगळी!

नेमस्त: सगळीच फूट भांडणातून होत नाही हो. यूजनेटच्या मुख्य शाखांत पूर्वी नवा गट काढायचा तर आधी प्रस्तावावर चर्चा, मग मतदान व्हायचं. होकार नकारांपेक्षा किमान १०० जास्त लागायचे, शिवाय एकूण मतांच्या दोन तृतीयांश तरी लागायचे. भारतीय संगीताचे 'क्लासिकल' आणि 'मिस्क' (म्हणजे संकीर्ण) असे दोन गट होते, दुसऱ्यात मुख्यतः हिंदी सिनेगीतं. ही सरळ विभागणी झाली.

पागोळी: आणि जागाच संपली तर? वॉट्सअ‍ॅपची मर्यादा कित्येक वर्षं २५६ होती, २०२२मध्ये ५१२ आणि मग १०२४ झाली. पक्षीनिरीक्षकांचा गट भरला की २५७व्या माणसासाठी 'भाग २' काढायचा. ही ना फूट, ना विभागणी. हे उतू जाणं.

चिमटा: संगणकवाल्यांचा 'फोर्क' तयार आहे की. उचला आणि मोकळे व्हा.

नेमस्त: नाही चालणार. फोर्कमध्ये जाणारा अख्खी प्रत घेऊन जातो आणि मूळही शाबूत राहतं. विकिट्रॅव्हल या प्रवासमाहितीच्या संकेतस्थळाचं तसं झालं, कारण मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त परवान्याखाली होता. २००६मध्ये जर्मन मंडळी बाहेर पडली, त्यांनी विकिव्हॉयेज काढलं, आणि जानेवारी २०१३मध्ये ते विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाच्या छत्राखाली रीतसर सुरू झालं. लेखकांचं श्रेय आणि तोच परवाना ठेवला की सगळे लेख नेता येतात. अडचण पुढे येते: एकीकडची दुरुस्ती दुसरीकडे पोचत नाही, बंद पडलेलं हॉटेल एका प्रतीत चालूच राहतं.

साध्या मंचावर मात्र जाणाऱ्याच्या हाती फार तर स्वतःचं लेखन लागतं. सदस्यांची यादी, परवलीचे शब्द, जुने धागे सगळं चालकाच्या डेटाबेसमध्ये. चालकाने डेटाबेस दिला आणि तो नव्या सॉफ्टवेअरमध्ये घातला, तरी धाग्यांचे पत्ते बदलतात. जुन्या पत्त्यांवरून नव्यांकडे वळवण्याची सोय केली नाही, तर धाग्यांमधले आपसातले सगळे दुवे मेले. चित्रं तर तिसऱ्याच्याच दारात. चित्रं साठवून ठेवणाऱ्या फोटोबकेटने २०१७मध्ये बाहेरच्या पानांवर चित्रं दाखवायला वर्षाला ३९९.९९ डॉलर मागितले, तेव्हा जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्यांच्या मंचांवर 'चित्रात बाण दाखवलाय तो बोल्ट आधी सैल करा' एवढंच उरलं. बाण गेला, बोल्टही गेला.

खलबत्ता: म्हणजे 'वाटणी'ही बाद. वाटणीत धाकट्यालाही काही मिळतं.

शुद्धमती: फोर्कला माझा ठाम विरोध. 'सवतासुभा' हा अस्सल मराठी शब्द आहे, तो वापरा.

चिमटा: सुभा अरबीतून फारसीमार्गे आलाय, ताई. तो अस्सल आणि फोर्क उपरा?

शुद्धमती: तीन-चारशे वर्षं नांदला की आपला होतो. आणि सवता सवतीवरूनच आलाय, त्यात मत्सर आपसूक येतो. असल्या मंचांना चपखल.

पागोळी: सवता म्हणजे निराळा, स्वतंत्र. सवतीला मध्ये आणू नका. शिवाय सवत्या सुभ्याला सुभेदार लागतो. इथे कित्येकदा दहा जण निघून जातात आणि म्होरक्या कुणीच नसतो.

अनुवादू: मला वाक्यात क्रियापद हवंय. 'मंच सवतासुभले' लिहू का?

चिमटा: 'कंपू पडले' लिहा. मराठी आंतरजालावर कंपूबाजी सगळ्यांना कळते.

शुद्धमती: कंपू इंग्रजी 'कॅम्प'वरून आलेला. तुम्हाला बरा चालतो!

खलबत्ता: युरोपीय सेनानी द बॉयनने महादजी शिंद्यांसाठी उभ्या केलेल्या कवायती पलटणींच्या ब्रिगेडला कंपू म्हणत. शब्द पोर्तुगीज 'काम्पो'चा. शेवटच्या 'ओ'चा उच्चार पोर्तुगीजात 'उ'कडे झुकतो, म्हणून आपल्याकडे 'पू'. तंबाखूचंही तेच.

पागोळी: तंबाखू फारसीतूनही आलेला असू शकतो, तो पुरावा धरू नका. दुसरं उदाहरण द्या.

खलबत्ता: काजू.

पागोळी: 'काजू'ला पोर्तुगीजातच शेवटी 'उ' आहे. 'ओ'चा 'ऊ' झालेला दाखवा.