झेंडूच्या पाकळ्यांतील ल्युटीन: हेक्झेनऐवजी कोणता द्रावक वापरावा?

प्रश्न:
पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी झेंडूच्या पाकळ्यांतून ल्युटीन हे पिवळे रंगद्रव्य काढून शुद्ध करणार आहे. उद्योगात त्यासाठी बहुधा हेक्झेन वापरतात. पण तो खनिज तेलापासून मिळतो आणि त्याची वाफ दीर्घकाळ श्वासात गेल्यास मज्जातंतूंना इजा होते. लिमोनीन, इथाइल ॲसिटेट आणि कोलीन क्लोराइडवर आधारित डीप युटेक्टिक द्रावक (घटक एकत्र मिसळल्यावर वितळणबिंदू खूप खाली येऊन द्रव होणारे मिश्रण) यांपैकी साध्या प्रयोगशाळेत कोणता योग्य ठरेल? दसऱ्यानंतर बाजारात उरलेली फुले चालतील का?

पहिले उत्तर:
माझ्या मते इथाइल ॲसिटेट. झेंडूत ल्युटीन मुख्यत्वे मेदाम्लांशी जोडलेल्या एस्टरच्या (आम्ल आणि अल्कोहोल जोडून बनणाऱ्या संयुगाच्या) रूपात असते. हे एस्टर पाण्यापासून दूर राहणारे असल्याने कोलीन क्लोराइडच्या जलस्नेही मिश्रणात ते नीट विरघळत नाहीत, शिवाय ते मिश्रण उडून जात नसल्यामुळे त्यातून ल्युटीन सोडवणे हेच एक वेगळे काम होऊन बसते. लिमोनीन संत्र्याच्या सालीतून मिळते खरे, पण ते सुमारे १७६ अंश सेल्सिअसला उकळते आणि ल्युटीनला उष्णता सोसत नाही. इथाइल ॲसिटेट ७७ अंशांना उकळते, त्यामुळे कमी दाबाखाली ते सौम्य तापमानात परत मिळवून पुन्हा वापरता येते. द्रावक हरित, म्हणजे पर्यावरणाला कमी घातक, आहे की नाही, हे तो परत मिळवायला किती ऊर्जा लागते यावरही ठरवले पाहिजे.

दुसरे उत्तर:
वरील मताशी सहमत आहे. फक्त शुद्धीकरणापूर्वी इथाइल ॲसिटेट पूर्णपणे काढून टाका, कारण तेही एस्टरच आहे आणि साबणीकरणासाठी (अल्कलीने एस्टर तोडून ल्युटीन मोकळे करण्यासाठी) घातलेले पोटॅशियम हायड्रॉक्साइड तेच खाऊन टाकेल. उरलेला राळेसारखा अर्क इथेनॉलमध्ये घेऊन साबणीकरण करावे. नंतर कोमट पाणी घातले की मेदाम्लांचा साबण द्रवात राहतो आणि मोकळे ल्युटीन स्फटिकरूपाने खाली बसते. ते गाळून, अल्कली निघून जाईपर्यंत धुऊन, अंधारात निर्वात वाळवावे.

एस्टर आणि मोकळे ल्युटीन हे दोन्ही साधारण ४४५ नॅनोमीटरलाच प्रकाश शोषतात, म्हणून साबणीकरण पुरे झाले का हे वर्णपटमापक सांगू शकत नाही. त्यासाठी सिलिकाच्या पातळ थरावर नमुना चालवून पाहा: एस्टर वर सरकतात, मोकळे ल्युटीन मागे राहते.

बाजारातील फुलांवर कोणती कीटकनाशके फवारली होती हे कळत नाही, आणि त्यांपैकी बरीच याच द्रावकात उतरतात. पद्धत बसवण्यापुरती ती फुले वापरावीत. खाण्यायोग्य ल्युटीन हवे असेल, तर फवारणीची नोंद असलेल्या शेतातील फुले घ्यावीत आणि हरितद्रव्य अर्कात येऊ नये म्हणून देठाकडचा हिरवा भाग आधीच काढून टाकावा.