‘निम्मी वीज’ की ‘निम्मी क्षमता’?

भाषांतरवाली
ऊर्जा नियोजनावरच्या एका अहवालाचा अनुवाद करतेय, तिथे अडले आहे. वीजनिर्मितीत कोळसा, गॅस, डिझेल सोडून बाकी स्रोतांचा वाटा ५० टक्क्यांवर नेण्याचं उद्दिष्ट भारताने २०३० ऐवजी २०२५ मध्येच गाठलं, असं त्यात आहे. ‘देशातली निम्मी वीज आता हरित’ असं मी मराठीत वाचलंय, पण अहवालात ‘इन्स्टॉल्ड कपॅसिटी’ म्हटलंय. स्थापित क्षमता म्हणू की प्रस्थापित? आणि अपारंपरिक, नवीकरणीय, अक्षय, हरित यांतलं काय घेऊ?

चंद्रपूरकर
‘निम्मी वीज’ साफ चूक. संच पूर्ण ताकदीने चालला तर किती देईल ती क्षमता, मेगावॅटमध्ये. प्रत्यक्ष दिली ती वीज, युनिटमध्ये. जून २०२५ अखेर देशाची क्षमता सुमारे ४८५ गिगावॅट होती आणि त्यात कोळसा, गॅस, डिझेल सोडून बाकीच्यांचा वाटा निम्म्याच्या किंचित वर. पण २०२४-२५ मध्ये तयार झालेल्या विजेत सत्तर टक्क्यांहून जास्त वाटा एकट्या कोळशाचा होता.

प्लांटमध्ये आम्ही ‘भारांक’ म्हणतो. क्षमतेच्या मानाने संच किती चालला, ते त्यावरून कळतं. कोळशाच्या संचाचा भारांक ८० टक्के आला की साहेब खूश. सौर प्रकल्पाचा वीस-बावीस आला तरी उत्तम, रात्री सूर्य कुठून आणणार?

आपल्याकडचंच बघा. कोयनेचं जलविद्युत केंद्र १९६० मेगावॅट, चंद्रपूरचं कोळशाचं २९२०. आकडे वाचून वाटतं, कोयना म्हणजे दोन-तृतीयांश चंद्रपूर. पण कृष्णा पाणीवाटप लवादाने कोयनेचं विजेसाठी पश्चिमेकडे वळवायचं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसीवर बांधून दिलंय, त्यामुळे ती मुख्यतः मागणी चढली की चालवतात. वर्षअखेर दोघांची युनिटं मोजा, मग बोला.

वायरमन
ताई, हा फरक लोकांना कळतो, शब्द वेगळे आहेत इतकंच. घरचं लाइटबिल काढा. ‘मंजूर भार’ किलोवॅटमध्ये, वापर युनिटमध्ये. तरीही छतावर तीन किलोवॅट सोलर बसवलं की गिऱ्हाईक तीन गुणिले चोवीस करून मोकळं! किलोवॅटमागे दिवसाला चार युनिटं धरा म्हणून सांगावं लागतं, पावसाळ्यात तीही नाहीत.

भाषांतरवाली
भारांक हा शब्द उचलला. पण गंमत पुढे आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत पंतप्रधानांनी पाच उद्दिष्टांचं ‘पंचामृत’ मांडलं (माझ्या डोळ्यांसमोर आधी चिंच-गुळाचं पंचामृतच आलं), त्यात उल्लेख ५० टक्के ऊर्जेची गरज नवीकरणीय स्रोतांतून भागवण्याचा होता. ऑगस्ट २०२२ मध्ये मंजूर झालेल्या अधिकृत उद्दिष्टात ती विजेची स्थापित क्षमता झाली. ऊर्जेत पेट्रोल, डिझेल, गॅस, कारखान्यांच्या भट्ट्या सगळं येतं, वीज हा त्यातला एक भाग आणि क्षमता म्हणजे तर अजून वीजही नव्हे. म्हणजे घोळ फक्त मराठीत झालेला नाही.

शब्दवेडा
‘प्रस्थापित’ टाळा, त्याला आता प्रस्थापित पुढाऱ्यांचा वास येतो. स्थापित क्षमता चांगला.

‘अपारंपरिक’ सरकारी वारशाने आलाय. १९८२ मध्ये केंद्रात त्या नावाचा विभाग निघाला, २००६ मध्ये मंत्रालयाने नाव बदललं, पण महाराष्ट्राच्या २०२० च्या धोरणातही ‘अपारंपरिक’ आहेच. पवनचक्की अपारंपरिक आणि औष्णिक केंद्र पारंपरिक, हे मला कधी पटलं नाही. तुमच्या वाक्यात मात्र ‘नवीकरणीय’ही चालणार नाही, कारण त्या ५० टक्क्यांत तारापूरसारखी अणुवीजही धरलेली आहे. ‘जीवाश्मेतर’ (कोळसा, तेल, गॅस ही जीवाश्म इंधनं सोडून बाकी) अचूक, पण जीभ अडखळते. मी ‘बिगर-जीवाश्म’ लिहीन. हरित, अक्षय जाहिरातवाल्यांना राहू द्या.

चंद्रपूरकर
आणखी एक शब्द लागेल, ‘उदंचन’. नियोजनाची खरी डोकेदुखी आहे ती संध्याकाळी सातला. सौर बंद, घराघरात दिवे, पंखे, एसी चालू. उदंचन म्हणजे स्वस्त वीज असताना खालचं पाणी वरच्या धरणात चढवायचं आणि गरजेला सोडायचं. घाटघरचा २५० मेगावॅटचा प्रकल्प तसाच आहे. पूर्वी पाणी रात्री चढवण्याचा हिशेब असायचा, आता सौर वीज वाढली तसा तो दुपारकडे सरकतोय. शेतीपंपांना दिवसा सौर वीज देणाऱ्या सौर कृषी वाहिनी योजनेमागेही तेच गणित. पंप दिवसा चालले तर शेतकऱ्याची रात्रीची पाळी चुकते आणि दुपारची वीज जागच्या जागी खपते. क्षमता नुसती वाढवून हे सुटत नाही.

भाषांतरवाली
मग वाक्य असं करते: ‘वीजनिर्मितीच्या एकूण स्थापित क्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा निम्म्यावर गेला, प्रत्यक्ष तयार होणारी वीज मात्र अजून मुख्यतः कोळशाची आहे.’ दुसरा अर्धा भाग मूळ अहवालात नाही, तो तळटीपेत टाकते. आता पुढच्या पानावर ‘उत्सर्जन तीव्रता’ २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी घटवायची आहे. ‘उत्सर्जन’ म्हणून नाही ना चालणार?

शब्दवेडा
मुळीच नाही. तीव्रता म्हणजे देशाच्या उत्पन्नाच्या दर रुपयामागे किती हरितगृह वायू हवेत सोडला ते. उत्पन्न वेगाने वाढलं तर तीव्रता घटते आणि एकूण उत्सर्जन वाढतंच राहतं. ‘तीव्रता’ गाळलीत तर वाक्याचा अर्थच उलटा होईल.