गॉगल: नजर आधी, काच नंतर

प्रश्न: एका इंग्रजी गोष्टीत मुलगा दुकानातल्या खेळण्याकडे 'गॉगल' करतो असं वाक्य आहे. ऊन नाही, डोळ्यांवर काच नाही. मग हे क्रियापद कुठलं? आपल्या गॉगलशी त्याचं नातं आहे का?

उत्तर: आहे, आणि त्यात क्रियापदच थोरलं आहे. मध्ययुगीन इंग्रजीत 'गॉगल' म्हणजे बुबुळं गरगर फिरवणं, तिरळं बघणं. चौदाव्या शतकाच्या अखेरीस वायक्लिफ या इंग्रज धर्मपंडिताच्या नावाने ओळखलं जाणारं इंग्रजी बायबल आलं. त्यात मार्कच्या शुभवर्तमानातल्या एका डोळ्याने आंधळ्या माणसाला 'गॉगल-आइड' म्हटलंय. म्हणजे तिरळा आणि काणा यांत घोळच! पुढे अर्थ सरकत डोळे विस्फारून, खुळ्यासारखं बघत राहण्यावर स्थिरावला. डोळ्यांवर चढवायच्या वस्तूला हे नाव १७१५ च्या सुमारास मिळालं. ब्रिटनमध्ये टीव्हीला गमतीने 'गॉगल-बॉक्स' म्हणतात, ते याच बघत बसण्यावरून.

मराठीने वस्तू तेवढी घेतली, क्रियापद घेतलं नाही. गरजच नव्हती. आपल्याकडे टक लावणं आहे, टकमक बघणं आहे, रोखून पाहणं, डोळे फाडून बघणं आहे. तुमच्या गोष्टीतला मुलगा खेळण्याकडे 'टकामका बघत राहिला' असं मी लिहीन. 'डोळे वटारले' मात्र नको, त्यात राग आहे. आणि 'गॉगल-आइड' माणसाचे डोळे आपल्याकडे बटबटीत असतात. लहान मूल असेल तर भोकरासारखे, त्यात कौतुक येतं.

इंग्रजीत 'गॉगल्स' नेहमी अनेकवचनी, आणि मुख्यतः बचावासाठी: पोहताना, वेल्डिंग करताना. उन्हाचा तो 'सनग्लासेस'. आपला गॉगल एकवचनी, पुल्लिंगी आणि बहुधा उन्हाचाच. त्याला ऐटही चिकटली आहे. मोतीबिंदू काढल्यावर आजोबा लावतात तो 'काळा चष्मा', महाबळेश्वरला नातू लावतो तो 'गॉगल'. काच एखादवेळी तीच असेल.

पुन्हा प्रश्न: मग चष्म्याचं काय, दादा? तोही बघण्यातूनच?

उत्तर: तो थेट डोळ्यातून. फारसीत 'चश्म' म्हणजे डोळा, आपल्या 'चक्षु'चा लांबचा भाऊ. 'चश्मेबद्दूर'मध्ये तोच आहे: वाईट नजर दूर राहो. फारसीत 'चश्मा' म्हणजे पाण्याचा झरासुद्धा, श्रीनगरची चश्मेशाही बाग त्यावरूनच. गंमत अशी की, इराणी माणूस नाकावरच्या वस्तूला चश्मा म्हणत नाही, 'ऐनक' म्हणतो. त्यातला 'ऐन' हा अरबी डोळाच.

मला स्वतःला 'चाळिशी' सर्वांत आवडते. बाकी सगळे शब्द डोळ्याकडे बोट दाखवतात, हा थेट वयावर. जवळचं दिसेनासं होतं ते साधारण चाळीशीत, म्हणून ते वयही चाळिशी, तो दृष्टिदोषही आणि तो चष्माही. 'चाळिशी कुठे ठेवलीस?' असं जुनी माणसं विचारायची, आता फार ऐकू येत नाही.

आणखी एकाची पुरवणी: गोगलगाय राहिली! तिचे डोळे दांडीवर बाहेर आलेले असतात, तेव्हा गॉगल तिच्यावरूनच आला असणार.

उत्तर: छान जुळतंय, पण नुसता आवाजच. गोगलगाय आपली घरची आहे. गूगललाही या कुळात ओढू नका. ते नाव 'गूगोल'वरून, म्हणजे एकावर शंभर शून्यं, आणि तिथे डोळ्यांचा काही संबंध नाही.