ग्रानाडात अडीच दिवस, सोबत शाकाहारी आई. खाणं आणि अल्हाम्ब्रा कसं जमवू?

मीठपाणी
ऑक्टोबरमध्ये माद्रिदहून ट्रेनने स्पेनमधल्याच ग्रानाडाला जातोय, मी, नवरा आणि माझी आई. आई ६८ वर्षांची, शाकाहारी (अंडं चालतं) आणि गुडघे दुखतात तिचे. अल्हाम्ब्रा (तिथला टेकडीवरचा जुना किल्ला-राजवाडा) बघायचंच आहे, बाकी काय ठेवावं काय सोडावं कळत नाहीये. तिथे ड्रिंक घेतलं की सोबत टापा (छोटीशी खाण्याची डिश) फुकट देतात म्हणे, पण त्यातलं आईला चालेल असं काही असतं का? ती नुसती बसलीये आणि आम्ही खातोय हे मला जमणार नाही. जाऊन आलेल्यांनी प्लीज सांगा.

रानवाट
आधी अल्हाम्ब्राचं तिकीट काढा, हॉटेल वगैरे सगळं नंतर. अधिकृत साइटवरच काढा, तिकिटावर नाव असतं आणि आत पासपोर्ट बघतात, तो जवळ ठेवा. मुख्य म्हणजे आतल्या नासरी महालांची (नासरी हे इथलं शेवटचं मुस्लिम राजघराणं) वेळ तिकिटावर ठरलेली असते आणि ती चुकली की चुकली. आमची चुकली होती. हेनेरालिफेच्या बागेत रमलो, तिथून महाल पंधरा मिनिटांवर तरी आहेत हे लक्षातच आलं नाही, धावत गेलो तर दारावरच्या बाईंनी नम्रपणे नाही सांगितलं. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकीट शोधत बसले, सगळं संपलेलं. त्यामुळे तुम्ही आधी महाल ठेवा, बाग नंतर.
आत गेल्यावर घाई करू नका. सिंहांच्या चौकात बारा दगडी सिंहांच्या पाठीवर कारंजं आहे ते सगळेच बघतात, पण भिंतींकडे जवळून बघा, ‘अल्लाहशिवाय कुणी विजेता नाही’ हे एकच वाक्य अरबीत नक्षीसारखं पुन्हा पुन्हा कोरलंय, आणि त्याच राजघराण्याला १४९२ मध्ये हे शहर सोडून द्यावं लागलं. मी तिथे बराच वेळ उभी होते.

तिखटजाळ
खाण्याचं मी सांगतो, मीपण शाकाहारीच.
टापा खरंच फुकट येतो, बिअरच पाहिजे असं नाही, मोस्तो (द्राक्षाचा रस) मागवला तरी येतो. पण बऱ्याच ठिकाणी काय द्यायचं ते किचन ठरवतं, आणि न सांगता बसलात तर हमखास हॅम नाहीतर मासा. म्हणून ऑर्डर देतानाच सांगायचं, ‘सोय वेहेतारियाना, सिन कार्ने, सिन हामोन, सिन आतून’ (मी शाकाहारी आहे, मांस नको, हॅम नको, टूना मासा नको). नुसतं ‘कार्ने नको’ म्हटलं तर हामोन येऊ शकतो, तो तिथे बरेच जण मांसात धरतच नाहीत. सालमोरेखो (टोमॅटोचं घट्ट गार सूप) मागवलं तर वरून हॅम नको म्हणून वेगळं सांगा.
फुकटच्या टापावर आईंचं पोट भरायच्या भरवशावर मात्र राहू नका, एक डिश विकत घ्याच. बेरेनहेनास कोन मिएल दे कान्या घ्या. वांग्याच्या पातळ चकत्या कुरकुरीत तळून वर उसाची काकवी सोडलेली, खारट आणि गोड एकदम लागतं. आम्ही एक प्लेट मागवली आणि ती टेबलावर टेकते न टेकते तोच दुसरी सांगितली. ग्रानाडा प्रांताच्याच किनाऱ्यावर मोत्रिलकडे पूर्वी भरपूर ऊस व्हायचा. शिवाय पातातास आ लो पोब्रे म्हणजे बटाटा, ढोबळी मिरची, कांदा तेलात मऊ केलेला, आणि तोर्तिया (बटाटा घातलेलं जाड ऑम्लेट) तर आहेच.
वेळेचं बघा हं. दुपारचं जेवण दोननंतर, रात्रीचं साडेआठ-नऊच्या पुढे. मधे बरीच किचन बंद असतात. आईंना संध्याकाळी सातला भूक लागत असेल तर काल्देरेरिया नुएवा गल्लीतल्या चहाच्या दुकानांत पुदिन्याचा चहा आणि काहीतरी गोड मिळेल, नाहीतर बेकरीतून पिओनोनो आणा. शेजारच्या सांता फे गावचा छोटासा पाकातला केक, वर भाजलेलं क्रीम, नाव पडलंय पोप नववे पायस यांच्यावरून.

मीठपाणी
किती नीट लिहिलंत दोघांनी, मनापासून आभार! ते स्पॅनिश वाक्य पासपोर्टच्या कव्हरमध्येच लिहून ठेवते. अल्बायसिन (समोरच्या टेकडीवरची जुनी वस्ती) आईला झेपेल का? आणि दिवसाचं तिकीट नाहीच मिळालं तर रात्रीचं घेऊ का?

रानवाट
रात्रीचं सुंदर असतं पण महालांचं आणि बागेचं तिकीट वेगवेगळं, एकात दोन्ही होत नाही. त्याआधी ग्रानाडा कार्ड (पर्यटकांचा पास) बघा, त्यात अल्हाम्ब्रा येतं आणि कधीकधी साधी तिकिटं संपल्यावरही ते मिळतं.

तिखटजाळ
अल्बायसिन चालत नको. गल्ल्या चढाच्या आणि बऱ्याच ठिकाणी जमिनीत गोटे रोवलेले, गुडघ्यांना फार त्रास होतो, माझ्या बाबांना उतरताना जास्त झाला. प्लाझा नुएवाहून सी३१ ही छोटी बस घ्या, सान निकोलासच्या कट्ट्याजवळ सोडते. सूर्यास्ताच्या तासभर आधी जा म्हणजे आईंना बसायला जागा मिळेल, समोर अख्खं अल्हाम्ब्रा आणि मागे सिएरा नेवादाचे डोंगर. अल्हाम्ब्रालासुद्धा सी३०ने वर जा, कुएस्ता दे गोमेरेसचा चढ आईंना नको.