जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स घालणं म्हणजे 'पैसे पाण्यात' नाही

खुडबुड्या:
काल इथे एका सभासदाने ठासून लिहिलं, "चौथ्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरच्या जुन्या पीसीला ग्राफिक्स कार्ड लावायचं आणि वर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम चढवायची म्हणजे पैसे पाण्यात. सरळ नवा पीसी घ्या." हेच वाक्य दोन महिन्यांपूर्वी एका दुकानदाराने मला ऐकवलं होतं आणि लगेच ४२ हजारांचं कोटेशन हातात ठेवलं होतं. म्हणून उत्तर लिहितोय, लांबलं तरी वाचा.

माझं मशीन आय-फाइव्ह ४५९०, १६ जीबी रॅम, एसएसडी आणि सेकंडहँड घेतलेलं एनव्हिडियाचं १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) पाहिजे आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. मशीन गरम होत नाही, हँग होत नाही, पोरगा त्यावर रोज तीन तास बसतो, तरी ते नापास! मला हे पटत नाही.

म्हणून मिंट २२ घातलं, लिनक्सचाच एक सोपा प्रकार. पहिल्या संध्याकाळी अडलो. ड्रायव्हर मॅनेजरमधून एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकला, पण सिक्युअर बूट, म्हणजे नोंद नसलेला ड्रायव्हर अडवणारी सोय, चालूच होतं. रीस्टार्ट झाल्यावर निळ्या पडद्यावर ड्रायव्हरची चावी नोंदवायला विचारतात आणि तो पडदा काही सेकंदच थांबतो. मी तेवढ्यात चहा आणायला उठलो होतो. परत आलो तर अक्षरं वीतभर मोठी आणि व्हिडिओ अडखळतोय. बायॉसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन सिक्युअर बूट बंद केलं, झालं. आज दीड महिना झाला, एकदाही अडकलेलं नाही. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. यात पाण्यात काय गेलं ते सांगा.

हिशेबी:
कालचा तो सभासद मीच. दीड महिना चाललं म्हणजे चाललं असं होत नाही, साहेब. तुमचं कार्ड पास्कल पिढीतलं, २०१६ चं. एनव्हिडियाने जाहीरच केलंय की ५८० ही मॅक्सवेल आणि पास्कलसाठी शेवटची ड्रायव्हर शाखा. उद्या कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, पुढे सरकला आणि जुना ड्रायव्हर त्यावर चालला नाही तर काय करणार? आणि विंडोज १० लगेच मेलेलं नाही. घरगुती वापरासाठी जादा सुरक्षा अपडेटची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. ती घ्या, तोवर पैसे साठवा, मग नवीन घ्या. माझं हिशेबाचं सगळं काम टॅलीवर. टॅलीप्राइम विंडोजसाठीच आहे. माझ्या क्लायंटला मी 'वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवायची सोय) चालवून बघतो' असं सांगू का?

लालकार्ड:
५८० ड्रायव्हरचा मुद्दा खरा आहे, पण तो लिनक्सचा दोष नाही, कार्डाची निवड चुकली. एएमडी घेतलं असतं तर ड्रायव्हर कर्नलमध्येच, वर मेसा हा ग्राफिक्सचा भाग लिनक्ससोबतच येतो, वेगळं काही टाकायलाच लागत नाही. माझं एएमडीचं आरएक्स ५८० कार्ड, २०१७ चं. मिंट टाकलं, वायर लावली, चालू.

खुडबुड्या:
आणि त्याला १८५ वॅट लागतात! माझ्या जुन्या डब्यातला पॉवर सप्लाय २४० वॅटचा आहे, कार्डाला वीज देणारी आठ पिनची वायरच नाही. १०५० टीआय ७५ वॅटमध्ये नुसत्या मदरबोर्डच्या स्लॉटवर चालतं म्हणून घेतलं. तुम्ही सप्लाय बदलायचा खर्च कधीच मोजत नाही.

लालकार्ड:
बरं, पॉवर सप्लायचं मान्य. बाकीचं नाही.

अक्षरजुळारी:
तुम्ही सगळे गेम आणि वॅटवर भांडताय. मी कोल्हापुरात डीटीपी करते. लग्नपत्रिका, स्मरणिका, ग्रामपंचायतीचे अहवाल. अठरा वर्षांच्या फाइली श्रीलिपी (युनिकोडआधीचे मराठी फॉन्ट) आणि पेजमेकर (पानं जुळवायचा जुना विंडोज प्रोग्रॅम) यांत आहेत. माझा डेस्कटॉपही असाच जुना, त्यालाही कार्ड बसवलंय. मला लिनक्सवर जा म्हणणाऱ्याने आधी ती फाइल उघडून दाखवावी.

युनिकोडवाला:
ताई, २०२६ उजाडलं तरी श्रीलिपी? तुमच्यासारख्या लोकांमुळेच मराठी मजकूर सर्चमध्ये सापडत नाही. सगळं कन्व्हर्टरमधून काढून युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे एकसारख्या चालणाऱ्या अक्षरसंकेतात, आणा आणि मोकळ्या व्हा. लिनक्सवर मराठी टायपिंगला इन्स्क्रिप्ट आहे, कागप कीबोर्ड आहे, आणखी काय हवं?

अक्षरजुळारी:
"तुमच्यासारख्या लोकांमुळे" म्हणजे कोणामुळे? गिऱ्हाईक जी फाइल आणून देतं तीच मला उघडावी लागते. आणि कन्व्हर्टर मी वापरून पाहिलाय, तुम्ही नुसता सांगताय. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर. रफार तिथे अक्षरानंतर, इथे आधी. वेलांटी आणि रफार एकाच अक्षरावर आले की कन्व्हर्टरची फजिती होते. 'कार्तिकी' हे नाव मी स्वतः तपासलं, वेलांटी शेजारच्या अक्षरावर गेली होती आणि रफार 'का'वर. पत्रिकेत नवरीचं नाव असं छापलं असतं तर चारशे पत्रिका माझ्या पैशाने परत छापाव्या लागल्या असत्या. प्रूफ वाचायला लागलेली ती रात्र कोण भरून देणार?

युनिकोडवाला:
म्हणजे कन्व्हर्टर वाईट आहे म्हणून युनिकोड वाईट?

अक्षरजुळारी:
मी असं कुठे म्हटलं? नवीन कामं मी युनिकोडमध्येच करते. जुन्या फाइलींचं विचारतेय. नीट वाचा आधी.

टापटीप:
माझ्या वडिलांचा प्रेस होता. त्यांच्या सगळ्या पुस्तकांच्या फाइली अशाच अडकल्यात. फॉन्ट बनवणाऱ्यांनी ज्याचा त्याचा वेगळा साचा ठेवला, एकाची अक्षरं दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये वाचता येत नाहीत, आणि भोगतोय आम्ही. ऑपरेटिंग सिस्टिम कोणतीही असो, हा राग जात नाही.

हिशेबी:
मूळ विषय कार्ड आणि सिस्टिमचा होता. पण ताईंचं उदाहरण माझंच म्हणणं सिद्ध करतं. ज्याचं पोट विंडोजवर आहे त्याला लिनक्स सांगू नका.

खुडबुड्या:
हे मात्र मला मान्य करावं लागेल, मनाविरुद्ध. टॅली आणि श्रीलिपीवाल्यांना मी सरसकट 'या' म्हणणार नाही. पण तुम्ही त्यांना नवीन मशीन घ्या म्हणता तेही चूक. ताई, तुमच्या मशीनमध्ये दुसरी एसएसडी बसते का बघा. विंडोज १० आहे तसं राहू द्या, त्यात फक्त श्रीलिपी आणि पेजमेकर, आणि ते चालू असेल तेव्हा लॅनची (इंटरनेटची) वायर काढलेली. इंटरनेट, मेल, नवीन युनिकोडचं काम दुसऱ्या एसएसडीवरच्या मिंटवर. मिंट घालताना विंडोजच्या डिस्कची वायर काढून ठेवा, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही.

आणि हिशेबी, ५८० ड्रायव्हरचं. सगळ्यात नवीन कर्नल आला की तो घेतलाच पाहिजे असं नाही. मिंटमध्ये मी मूळचा एलटीएस (दीर्घ मुदतीच्या सपोर्टचा) कर्नल धरून बसलोय, त्याला सुरक्षेची डागडुजी मिळत राहते. तोपर्यंत जीटीएक्स १६५० सेकंडहँड आणखी उतरलं तर ते घेईन. ते पास्कलनंतरच्या ट्युरिंग पिढीचं, बरीच मॉडेल ७५ वॅटमध्येच बसतात.

हिशेबी:
म्हणजे वर्षा-दोन वर्षांत आणखी एक कार्ड. हाच खर्च मी म्हणत होतो.

खुडबुड्या:
४२ हजार आणि एक सेकंडहँड कार्ड हे एकाच पारड्यात घालू नका.

अक्षरजुळारी:
दुसऱ्या डिस्कचं पटतंय. पण पेजमेकरमधून गिऱ्हाईकाला पीडीएफ मेल करायची, ती मिंटवर कशी आणू? दर वेळी पेनड्राइव्ह?

खुडबुड्या:
गरज नाही. मिंटला विंडोजची डिस्क दिसते, फाइल मॅनेजरमध्ये डावीकडे. तिच्यावर क्लिक करून पीडीएफ उचलायची. फक्त विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप (पूर्ण बंद न होता लवकर सुरू व्हायची सोय) बंद ठेवा, नाहीतर डिस्क नुसती वाचता येते, तिच्यात लिहिता येत नाही. रविवारी करणार असाल तर इथेच लिहा, मी दुपारी मोकळा आहे.

अक्षरजुळारी:
रविवारी नको, लग्नसराई आहे. मंगळवारी प्रेसला सुट्टी असते, तेव्हा बसते. आधी 'कार्तिकी'ची मूळ फाइल उघडून बघणार, मगच पुढचं.